पुरचुंडी अजून टाकीत आहे

२ ऑक्टोबर

भावजी,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद घेतला. पत्ता तुमच्या आतेबहिणीकडून काढला. तिच्यावर डाफरू नका, ती बिचारी नाहीच म्हणत होती. मी रोज फोन करून तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिने दिला.

बातमी एवढीच, की यंदा भोपळ्याची स्टाउट घातली आहे, तीच आपली मसाल्याची काळी बिअर.

तुम्ही गेलात त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर ती एकदाही घातली नव्हती. थंडी तोंडावर आली की दुकानदार विचारायचे आणि हे दरवेळी नवं कारण द्यायचे. एकदा भोपळे पाणचट निघाले, एकदा भट्टी नीट तापेना, एकदा तर म्हणाले जायफळ मिळत नाही. जायफळ म्हणे. टाकीभर बिअरला लागतं किती, मूठभर.  साध्या काळ्या बिअरवर कारखाना चालत होता, मी चालू दिला.

यंदा मात्र हे स्वतः बाजारात गेले, भोपळे ठोकून ठोकून निवडले, सालीत नख रुतवून बघितलं. विकणारी बाई वैतागली, म्हणाली, लग्न करायचंय का त्याच्याशी. भाजताना भट्टीसमोर खुर्ची टाकून बसले होते. खुर्ची कशाला असं म्हणाल, तर वय झालं आता, पूर्वीसारखं उभं राहवत नाही.

सोमवारी भट्टीवरच्या मिस्त्रींनी मसाल्याची पुरचुंडी टाकीत सोडली. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, तुमच्याच अंदाजाने. मिस्त्रींना अजून सगळं पाठ आहे. आणि फळीवर दोन ग्लास मांडले. एक ह्यांचा, एक तुमचा, कडेचा टवका उडालेला.

तुमच्या वडिलांची ही पद्धत मी इतकी वर्षं लांबूनच बघत आले. आता रोज जवळून बघतेय म्हणून लिहिते, तुम्हाला शिकवायला नाही. पुरचुंडी टाकीत सोडली की रोज सकाळी दोघांनी तोटीतून आपापला ग्लास भरायचा. ह्यांनी फक्त भाजलेल्या जवाकडे बघायचं, त्याचा करपट कडूपणा उतरला का. तुम्ही फक्त मसाल्याकडे, तो मुरला का. ज्याची बाजू जमली त्याने आपला ग्लास फळीवर उपडा घालायचा. दोन्ही उपडे झाले की पुरचुंडी बाहेर. दुसऱ्याच्या ग्लासाला हात लावायचा नाही. मामंजी म्हणायचे की एकच माणूस दोन्ही चाखायला लागला की तो स्वतःची समजूत काढत बसतो.

आता अडचण अशी की तुमचा ग्लास उपडा कोण घालणार. मी विचारलं. हे म्हणाले, "बारक्याचा ग्लास बारक्याच उपडा घालील. तोवर पुरचुंडी निघायची नाही."

"आणि बारक्या आला नाही तर?"

"तर नाही निघायची."

चार वर्षांपूर्वीचं मी उकरून काढणार नव्हते, पण लिहायला बसलं की हात थांबत नाही. त्या दिवशी मी गाडीवाल्यांना चहा देत होते. फाटकात गाड्या उभ्या, हॉर्नवर हॉर्न, ह्यांचा ग्लास उपडा, तुमचा सुलटा. तुम्ही म्हणालात, अजून मुरला नाही. हे म्हणाले, मुरलाय. तुम्ही परत तेच म्हणालात. मग ह्यांनी सगळ्या कामगारांदेखत हात लांब केला आणि तुमचा ग्लास उपडा घातला. तुम्ही एप्रन काढून झडपेवर अडकवलात आणि निघून गेलात. भांडला असतात तर मला मधे पडता आलं असतं. तुम्ही दोघेही भावंडं अशी, की भांडण सुद्धा तोंडाने करत नाही.

तो एप्रन अजून तिथेच आहे. धुऊन परत अडकवते.

ह्यांचा घसा बसलाय, त्यामुळे तुमच्या बाजूची चव घ्यायचं काम सध्या माझ्या गळ्यात पडलंय. म्हणजे ठरवायचं काही नाही, नुसतं चाखायचं आणि तुम्हाला कळवायचं. आयुष्यभर बिअरवाल्याच्या घरात राहिले पण चहाशिवाय काही तोंडाला लावलं नाही. पहिला घोट घेतला आणि तोंड असं झालं की मिस्त्री पाठ करून हसले. मला फक्त करपलेला पाव लागला. म्हटलं, भोपळा कुठे आहे? हे म्हणाले, भोपळा कधी जिभेला लागतो होय, तो नुसतं अंग देतो. लोक ज्याला भोपळा म्हणतात तो मसाला असतो.

मग म्हणाले, "ती बाजू त्याची."

लिही म्हणाले, पण स्टाउटबद्दलच लिही. म्हणून एवढंच. या.

वहिनी


९ ऑक्टोबर

भावजी,

उत्तर नाही. हरकत नाही. मला सवय आहे, मी तुमच्या भावाबरोबर संसार केलाय.

ह्यांचा ग्लास परवा उपडा झाला. करपटपणा गेला म्हणाले. मला तर तो आहे तसाच वाटत होता, पण दुसऱ्या घोटाला लक्षात आलं की तो घशाशी ओरबाडत नाही आता. असं काही कळलं की मला उगीचच आनंद होतो, आणि मग स्वतःचा राग येतो.

तुमच्या बाजूचं सांगते. नीट वाचा. कालपर्यंत दालचिनी वरवर होती. घोट घेतला की आधी ती यायची, मग काळं, आणि मग सगळं निघून जायचं. आज दालचिनी वेगळी अशी कळलीच नाही. आधी काळं आलं, मग मधेच कुठेतरी गोडसर ऊब आली, आणि गिळल्यावर जायफळ मागे राहिलं, खूप वेळ राहिलं. आणि भावजी, मला भोपळा लागला. मला माहीत आहे तो लागत नाही, पण लागला. कुणी भट्टीत भाजून, वर चिमूटभर मीठ टाकून हातावर ठेवावा तसा.

मी धावत जाऊन ह्यांना सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "लवंग?"

"लवंग नाही लागली."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

हे पांघरुणावर बोटं वाजवत राहिले. मी म्हटलं, मग मुरला ना? तर म्हणाले, ते मी सांगायचं नाही. मी म्हटलं, मग मी सांगते, मुरला, घालू का उपडा? माझ्याकडे असं बघितलं की मी उठून टाक्यांकडे गेले.

गाड्या आल्या होत्या. त्याच दुकानदारांच्या, बहुतेक ड्रायव्हरही तेच. ह्यांनी मिस्त्रींकरवी निरोप दिला, माल तयार नाही. एक ड्रायव्हर फाटकात उभा राहून खूप बोलला. त्याने दुकानदाराला फोन लावून दिला. दुकानदार म्हणाला, चार वर्षांनी घातलीत आणि आता नाही म्हणता, ही काय थट्टा आहे. ह्यांनी मला फोन कानाशी धरायला लावला आणि परत तेच म्हणाले, तयार नाही. गाड्या रिकाम्या गेल्या. हे तुम्हाला मुद्दाम कळवतेय.

ह्यांची खाट आम्ही खाली ऑफिसात आणली आहे. म्हणजे जिना नको आणि खिडकीतून टाक्या दिसतात. नर्सबाई म्हणाल्या, भपका सोसणार नाही, वरच ठेवा. ह्यांनी त्यांना सांगितलं की ह्या भपक्यात माझा जन्म गेला. नर्सबाई म्हणजे शेजारच्या आहेत, सहज येऊन बसतात. तुम्ही भलतं काही मनात आणू नका.

माझं म्हणणं, या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात काय लागेल मला माहीत नाही.

वहिनी


१७ ऑक्टोबर

भावजी,

काल तुमची चिठ्ठी आली. एवढं मोठं पाकीट, आत केवढा कागद, आणि त्यावर दोन शब्द. "आता काढा."

दादा कसा आहे, नाही. घसा बरा झाला का, नाही. खाट खाली का आणली, ही शेजारची नर्सबाई कोण, काही नाही. तुम्ही मूर्ख नाही, भावजी. मसाल्याचं मी लिहिलेलं तुम्हाला बरोबर वाचता आलं आणि बाकीचं वाचता आलं नाही, असं मी मानणार नाही.

मी ती ह्यांना वाचून दाखवली. मला वाटलं चिडतील. त्यांनी पाकीट मागून घेतलं, शिक्क्यावरची तारीख लांब धरून बघितली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बघ," म्हणाले, "तिकडे बसून कळलं त्याला. तू लिहिलंस त्यावरून. त्याच दिवशी काढायची होती." आल्यागेल्याला सांगत होते. मिस्त्रींना सांगितलं, नर्सबाईंना सांगितलं, त्या बाईला कसली स्टाउट आणि कसली पुरचुंडी. मी म्हटलं, मग काढू द्या आता, त्याचंच म्हणणं आहे. तर म्हणाले, "चिठ्ठीने ग्लास उपडा होत नाही."

आता मी दिलेला शब्द मोडते. त्यांना कळू देऊ नका, नाहीतर कळलं तरी चालेल, मला आता कशाचीच भीती वाटत नाही.

घसा बसलेला नाही. अन्ननलिकेत गाठ आहे. उन्हाळ्यात घास अडकायला लागला तेव्हा पाणी पिऊन ढकलायचे आणि मला म्हणायचे, तू भाकरी जाड करतेस. मी पातळ करायला लागले. मग मऊ भात, मग पेज, आता तेही नळीने. कापण्यापलीकडे गेलंय, डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आणि हे आतून म्हणाले, ओरडून सांगा, मलाही ऐकू दे. थंडी बघतील की नाही, ते डॉक्टर सांगत नाहीत. सकाळचा घोट ते तोंडात फिरवतात आणि वाटीत थुंकतात. गिळणं बंदच आहे. नर्सबाई पगारी आहेत.

मी पहिल्याच पत्रात हे लिहिणार होते. त्यांनी लिहू दिलं नाही. म्हणाले, "आजारी म्हणून आला तर तो मला बघायला आला. बघायला तर सगळेच येतात. मला तो चाखायला यायला हवाय." मी म्हटलं, हा कसला हट्ट? म्हणाले, हट्ट नाही, त्याचं मी हिसकावलं, ते त्याने स्वतः येऊन परत घ्यायचं, दया म्हणून नाही. असं इतकं सरळ ते माझ्याशी लग्नानंतर दोनदा बोलले असतील.

तर तुम्ही आता मला सांगा, मी काय करायचं होतं. त्यांचं ऐकायचं की तुम्हाला कळवायचं. आणि उत्तर देऊ नका, मला नको आहे.

स्टाउटचं ऐका. लवंग आली. चार दिवसांपूर्वी शेवटी शेवटी आली, नुसती चाहूल. आता पुढेच येऊन बसलीय. जायफळ तिच्यामागे गेलं. भोपळा गेला. ते जे मला एक-दोन दिवस लागलं होतं ते मी रोज शोधते, डोळे मिटून, मिस्त्री शिकवतात तसं नाकाने श्वास सोडून, पण नाही.

परवा मी शिडीवर चढले. मिस्त्री जेवायला गेले होते. म्हटलं, बस झालं, काढते आणि होऊ दे काय व्हायचं ते. झाकण उघडलं, दोरी हाताला गुंडाळली. पुरचुंडी भिजून जड झालीय, उशीएवढी तर आधीच होती. ती पाण्याबाहेर आली, म्हणजे बिअरबाहेर, आणि मी खिडकीकडे बघितलं. हे बघत होते. ओरडले असते तर मी काढलीच असती, मला ओरडलेलं खपत नाही. ते ओरडले नाहीत. हळूच कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी दोरी सोडली. खाली उतरले, हात धुतले. हाताला दिवसभर लवंगेचाच वास येत होता.

एवढं सगळं वाचूनही तुम्ही आला नाहीत तर तुम्ही माझे कुणी नाही.

वहिनी


२५ ऑक्टोबर

भावजी,

स्टाउट गेली. आज घोट घेतला आणि जीभच बधिर झाली, दाढ दुखताना लवंग धरतो तशी. मागून दालचिनीच्या सालीचा तुरटपणा, तोंड कोरडं करणारा. मिस्त्रींनी एक घोट घेतला आणि न विचारता बाहेर जाऊन चूळ भरली. परत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, एवढी चांगली जमली होती, वहिनी, त्यांच्या वडिलांच्या हातची सुद्धा एवढी जमली नव्हती. मी म्हटलं, मला काय सांगता.

कामगार कुजबुजतात. मालकाचं डोकं फिरलं म्हणतात. त्यांचं चूक नाही, बाहेरून तसंच दिसतं.

ह्यांना रोज सकाळी अजून घोट लागतोच. आता तोंडात फिरवायचीही ताकद नाही. नर्सबाई कापसाचा बोळा बुडवून जिभेला लावतात. नाकं मुरडतात, पण लावतात. मी विचारते, कशी आहे? म्हणतात, वाढली लवंग. आणि मग खिडकीतून फाटकाकडे बघत बसतात. कुणाची सायकल आली तरी मान उचलतात. मला ते बघवत नाही, म्हणून मी त्या वेळेला टाक्या धुवायला जाते.

काल म्हणाले, "त्याला लिही, घाई नको म्हणावं. पुरचुंडी कुठे जात नाही."

मी हे असंच्या असं लिहिलंय. माझं वेगळं लिहिते. घाई करा. आता चाखण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा चाखायला येऊ नका. बघायला या. सगळ्यांसारखे या. हात हलवत या, भांडायला या, त्यांच्या तोंडावर सांगायला या की तुम्ही माझा अपमान केलात. मी मधे पडणार नाही. पण या.

वहिनी


शनिवार, १ नोव्हेंबर

भावजी,

हे पत्र टपालात टाकत नाही. फाटकाची किल्ली मिस्त्री तुम्हाला देतील, आणि तुम्ही आधी टाकीकडेच जाल हे मला माहीत आहे, म्हणून फळीवर ग्लासाखाली ठेवते आहे. समोरासमोर मला हे सांगता येणार नाही. मी वर आहे.

मिस्त्रींनी तुम्हाला फाटकातच सांगितलं असेल. काल पहाटे गेले. झोपेत नाही, पण फार त्रासही नाही. काल दुपारीच सगळं उरकलं. तुमच्यासाठी एक दिवस थांबू या असं मिस्त्री म्हणत होते, आतेबहीणही म्हणाली. मी नाही म्हटलं. थांबून थांबून काय होतं ते मी टाकीत बघितलं होतं. तुम्हाला राग आला तर येऊ दे.

आता बुधवारपासूनचं ऐका, कारण ते तुमचं आहे आणि माझ्याकडे राहून चालणार नाही.

बुधवारी आतेबहिणीचा फोन आला की तुम्ही निघताय, शनिवारी पोहोचताय. मी जाऊन सांगितलं. त्यांनी मला परत सांगायला लावलं. मग परत. मग म्हणाले, दाढी कर माझी. केली. म्हणाले, फळी पुसून घे, दोन्ही ग्लास विसळ. त्यांचा ग्लास उपडाच होता, तो उचलून, विसळून परत उपडा ठेवला. तुमचा विसळून सुलटा. हे सगळं खिडकीतून बघत होते आणि मला हातवाऱ्यांनी सांगत होते, थोडा डावीकडे. मी म्हटलं, नवरदेव येतोय की भाऊ. तेव्हा हसले. तुमच्या भावाला मी शेवटचं हसताना बघितलं ते तेव्हा.

गुरुवारी सकाळी नर्सबाई बोळा घेऊन आल्या तर म्हणाले, नको. मला म्हणाले, "बारक्याचा ग्लास आण."

मला वाटलं, भ्रम झाला. म्हटलं, त्याला हात लावायचा नाही ना? म्हणाले, उपडा घालायचा नाही. चाखायला आण.

मी तोटीतून थोडी घेतली आणि नेऊन दिला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला, मी खालून आधार दिला. तुमचा तो टवका नेमका ओठाशी आला, मी फिरवून देऊ लागले तर म्हणाले, राहू दे, तो इथूनच पितो. हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. एक घोट घेतला. वाटी पुढे केली, तर थुंकले नाहीत. गिळला. कसा गिळला देव जाणे, कितीतरी दिवसांत पाण्याचा थेंब उतरला नव्हता. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, नर्सबाई मला ओरडायला लागल्या. ते म्हणाले, "माजलीय लवंग." जणू पोराचं कौतुक करत होते.

 मग बोलले. आवाज नव्हताच, मी कान तोंडाशी नेला. जसं बोलले तसं लिहिते.

म्हणाले, "माझा ग्लास उपडा झाला तेव्हा मला काम उरलं नाही. मग रोज त्याची बाजू चाखत पडलो. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या दिवशी ती अर्धीच होती. मग दोन दिवस वर येत गेली, आणि तुला भोपळा लागला ना, तेव्हा पुरी झाली. त्या वर्षी मी माझ्याच दिवशी काढली होती."

मी म्हटलं, म्हणजे चार वर्षांपूर्वी?

"हो. मुरला नव्हता तेव्हा. तो बरोबर सांगत होता." आणि मग म्हणाले, "चार वर्षं मला वाटत होतं की माझी चव बरोबर होती, नुसतं वागणं चुकलं. वागणं चुकलं म्हणायला मी तयार होतो. चव चुकली असेल हे मनातच आलं नाही. सांग त्याला."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, मी कशाला सांगू. परवा येतायत, तुमच्या तोंडाने सांगा. इतकी वर्षं तुमच्या दोघांचे निरोप मीच वाहिले, हा एक तुम्ही स्वतः द्या. मला खरंच असं वाटलं की सांगायचं राहिलंय म्हणून तरी परवापर्यंत टिकतील. माणूस कशाकशाला धरून बसतो.

ते म्हणाले, "बरं. सांगीन."

नाही सांगता आलं. तेव्हा मी सांगितलं आहे. त्याच शब्दांत, माझं काही घातलेलं नाही. तुम्ही बरोबर होतात. मसाला मुरला नव्हता.

मी तुम्हाला हेही विचारणार होते की सतराचं पत्र हातात पडल्यावर निघायला इतके दिवस का लागले. काल दिवसभर हेच मनात घोळत होतं, आणि मी चांगलं ठणकावून विचारणार होते. आज सकाळी फळी पुसताना ते विचारायची इच्छाच राहिली नाही. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर जेवायला बसा. मला आता कुणाकडून उत्तर काढायचं नाही.

टाकी रिकामी करायची आहे. दुकानदाराला मी कळवलं, यंदा माल नाही. मिस्त्री झडप उघडायला तयार होते, मी उघडू दिली नाही. पुरचुंडी आत असताना टाकी सोडलेली ह्यांना चालली नसती, आणि पुरचुंडी काढायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. तुमचा एप्रन झडपेवर आहे, मी कालच धुतला. शिडी जपून चढा, तिसरी पायरी हलते. दोरी ओढताना अंगाशी घेऊ नका, पुरचुंडी फार जड झाली आहे.

त्याआधी ग्लास. गुरुवारी त्यांनी तो माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, होता तसा ठेव. मी फळीवर सुलटा ठेवला. तळाला घोटभर स्टाउट राहिलीय, त्यांची उष्टी. आता ती सुकून काचेला चिकटली असेल. मिस्त्री काल विसळायला निघाले होते, मी त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांच्यावर खेकसले, त्यांची माफी मागायची आहे.

चाखायची असेल तर चाखा, नसेल तर नका. पण तो तुम्ही तुमच्या हाताने उपडा घाला. मी बघायला खाली येणार नाही. घातलात की जिन्याखालून हाक मारा.

मला तो धुवायचा आहे.

वहिनी